रोजची दिवाळी

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. सकाळचे साडेआठ वाजले असतील. पूजेची मांडणी अर्धवट टाकून मी दाराशी आले होते, कारण कचरा न्यायला येणाऱ्या मावशींची गोणी जिन्याला घासत वर येत असल्याचा आवाज ऐकू आला होता. ओल्या कचऱ्याची बादली त्यांनी रिकामी केली आणि मग सुक्याची पाळी आली. मी आतून एकेक खोके आणून देत होते. एक चपलांचे, एक मिक्सरच्या जादा भांड्याचे, दोन कुंड्यांची, एक टेबलावरच्या दिव्याचे, आणि एक असे की त्यातून काय आले होते ते मला काही केल्या आठवेना. मावशी खोक्याच्या तळाची चिकटपट्टी अंगठ्याच्या नखाने उचलत, एका झटक्यात ओढून काढत, गुडघ्याने दाबून खोके सपाट करत आणि जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवत. अशी सात झाली. आठवे हातात घेताना त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी दम घेतला आणि अगदी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडं रोजच दिवाळी असती बघा.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. मावशी ‘स्वच्छ’तर्फे आमच्या कोथरूडच्या इमारतीत गेली दहा-बारा वर्षे येत आहेत. 1993 साली पुण्यातल्या कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढे त्यातूनच ही सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करण्याचे काम आणि त्यातून निघणाऱ्या विकाऊ मालावरचा हक्क या बायकांनी भांडून मिळवलेला आहे. पुठ्ठा हा त्यातला भरवशाचा माल. तो कोरडा असतो, त्याला घाण लागत नाही आणि भंगारवाला तो किलोवर घेतो. ज्या घरातून रोज पुठ्ठा निघतो ते घर त्यांच्या लेखी भरलेले घर असते. त्या माझे कौतुकच करत होत्या. तरीही ते वाक्य माझ्याबरोबर आत आले. घटासमोर बसून मी पाच फळे मांडली, पोथी उघडली आणि कहाणी वाचताना दोनदा ओळ चुकले.

माझे लहानपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांत गेले. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होते. आमच्या घरी दिवाळीची पहिली चाहूल लागायची ती कापडाच्या वासाने. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात गादीवर बसून आई ताग्यातून कापड फाडून घ्यायची, आणि एकाच ताग्यातून माझा फ्रॉक, धाकटीचा फ्रॉक आणि भावाचा सदरा निघायचा. त्या कोऱ्या कापडाला खळीचा जो किंचित आंबूस वास असे, तो आजही कुठे आला तर मला पहाटेची थंडी आठवते. उटण्याने खरखरीत झालेली पाठ, मोती साबणाची ती गोल, एरवी कधी न दिसणारी वडी, बंबातला धूर आणि डोळ्यांत गेलेले तेल, हे सारे त्या वासाच्या मागोमाग येते. फराळाचे डबे माळ्यावरून उतरायचे, चाळणीभर चकल्या तळल्या जायच्या, आणि त्या चार दिवसांत आई एरवी कधीही न म्हणणारे वाक्य म्हणायची: “घ्या रे, हवे तेवढे घ्या.” वर्षभर मोजूनमापून वाढणारा तो हात त्या चार दिवसांत मोजत नसे. शेजारच्या चार घरांतून क्रोशाच्या रुमालाने झाकलेली ताटे यायची आणि आमचीही ताटे त्यांच्याकडे जायची, त्यामुळे कुणाच्या चिवड्यात खोबरे जास्त आणि कुणाच्या करंजीत सारण कमी, याचा हिशेब आम्हा मुलांना पाठ असे.

चंगळ हा शब्द मी त्या दिवसांत शिकले. “आज काय, चंगळ आहे पोरांची,” असे आजी म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात लाड असायचा. श्रीखंड-पुरीला चंगळ म्हणायचे, मामा आल्यावर मिळणाऱ्या मोसंबीच्या रसाला चंगळ म्हणायचे. पुढे केव्हातरी वर्तमानपत्रांतून आणि व्याख्यानमालांतून त्या शब्दाला ‘वाद’ जोडला गेला आणि चंगळवाद असा एक शब्द रुळला. आता तो उच्चारताना माणसाच्या कपाळावर आठी पडते. मला त्या मूळच्या शब्दाची दया येते. आजीच्या तोंडातला तो एवढासा गोड शब्द इतका मोठा आरोप पेलायला जन्माला आलेला नव्हता.

अतिरेकाची ओढ ही बाजाराने आपल्याला लावलेली सवय आहे, असे म्हणणे मला पुरते पटत नाही. ती ओढ आधीपासून आहे आणि आपल्या घरांनी तिचा मान राखलेला आहे. आपल्या भाषेतच पाहा. धान्य वाढते, मूल वाढते आणि अन्नही पानात वाढतात. तिन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे. इतकेच काय, जिथे काही संपते, फुटते, बंद होते, तिथेही आपण तोच शब्द वापरतो. दुकान बंद केले म्हणत नाहीत, वाढवले म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळसुद्धा देवापुढे वाढवला जातो. संपण्याचे नाव घेण्याची ज्या भाषेला इतकी भीती वाटते, त्या भाषेतल्या माणसांना भरलेल्या कपाटाचे आकर्षण वाटू नये, हे कसे शक्य आहे? रुखवतात मांडलेल्या ताटांची रांग, मंडईत दिवाळीआधी रचलेले झेंडूचे ढीग, पंगतीत जिलबीचे ताट घेऊन फिरणारा आणि नको म्हटले तरी वाढणारा यजमान. या साऱ्यांकडे पाहताना मन भरून येते, आणि ते भरून येणे खोटे नाही.

अधिक महिन्याचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. चांद्र वर्ष 354 दिवसांचे, सौर वर्ष 365 दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात, आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी त्यांचा एक पूर्ण महिना होतो. पंचांग तो महिना बाजूला काढते, त्याला अधिक म्हणते, आणि ‘अधिकस्य अधिकं फलम्’ म्हणत आपण त्या महिन्यात तेहतीस अनारसे करतो. हे अनारसे घरच्यांसाठी नसतात. तांब्याच्या किंवा चांदीच्या ताटात जाळीदार बाजू वर करून ते मांडायचे, त्यावर दिवा ठेवायचा आणि जावयाला वाण म्हणून द्यायचे. आई अनारशाचे पीठ तीन दिवस भिजवून, वाटून, गुळात कालवून मुरवत ठेवायची. पहिला घाणा तुपात विरघळला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचे, कारण तेवढे तूप परत आणणे सोपे नव्हते. इतक्या कष्टाने केलेले ते तेहतीस अनारसे संध्याकाळपर्यंत घराबाहेर गेलेले असायचे. कालगणनेत साचलेले जे जास्तीचे, त्याची आठवण म्हणून घरातले जास्तीचे देऊन टाकायचे, अशी ती रीत होती. जास्तीला तिथी होती आणि जास्तीला बाहेर जायला दारही होते.

तसे दार वस्तूंनाही होते. जुन्या साड्या घेऊन त्यावर भांडे देणारी बोहारीण महिन्या-दोन महिन्यांनी वाड्यात यायची आणि चौकात बसून आईशी तासभर घासाघीस करायची. दोन साड्या, एक पँट आणि वर एक सदरा दिला की स्टीलचे पातेले मिळायचे. भांड्याला पोचे पडले की ते मोडीत जायचे आणि त्यात भर घालून नवे यायचे. रद्दी दर महिन्याला तागडीवर चढायची. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वडील कधीमधी जायचे आणि एखादा पाना, एखादे कुलूप घेऊन यायचे. दुसऱ्या कुणाच्या घरातून बाहेर पडलेली वस्तू आमच्याकडे राहायला येई. घर लहान होते हे खरे, पण ते तुंबलेले नव्हते.

हे लिहिताना मला त्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. त्या टंचाईत बाईमाणसाचे पुष्कळ काही मारले गेले. माझ्या आईला एकसारखे सहा कप हवे होते. आमच्या घरात सहा कप होते, पण प्रत्येक वेगळा. एकाचा कान तुटलेला, एकावर फुले, एकावर कसल्याशा बँकेचे नाव. पाहुणे आले की ती मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे जाई आणि पदराआडून त्यांचे कप घेऊन येई. ते कप धुऊन परत देताना तिच्या चेहऱ्यावर जे येई, ते मी विसरलेले नाही. एकसारख्या सहा कपांची तिची इच्छा अकरा वर्षे टिकली. ज्या दिवशी ते कप आले, त्या दिवशी तिने चहा केला नाही. फळीवर त्यांची रांग लावली आणि संध्याकाळपर्यंत येता-जाता पाहत राहिली.

वाट पाहणे हा तेव्हा सर्वांचाच धर्म होता. वडिलांनी 1974 साली बजाजच्या चेतकसाठी अनामत भरून नाव नोंदवले तेव्हा मी पहिलीत होते. नंबर लागला तेव्हा मी नववीत गेले होते. ज्या आकुर्डीत ती स्कूटर बनत होती, ती आमच्या घरापासून लोकलने जाता येईल इतकी जवळ होती. तरीही कारखान्याने किती स्कूटर काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत होते आणि आमच्यासारखी लाखो नावे यादीत पडून होती. ज्यांना घाई असे ते ‘ऑन’, म्हणजे किमतीच्या वर जास्तीचे पैसे, देऊन दुसऱ्याची गाडी घेत. वडिलांनाही एका व्यापाऱ्याने ताबा मिळाल्या दिवशीच वर चांगले पैसे देऊ केले होते. त्यांनी नाही म्हटले. स्कूटर दारात आली, चाकाखाली लिंबू ठेवले, आईने पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकू लावले, आणि वडिलांनी तिला एका बाजूला अलगद कलवून मग किक मारली. पेट्रोलचा तो वास वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत शिरला. आठ वर्षे वाट पाहून झालेला तो आनंद इतका मोठा होता की त्यात स्कूटरचा वाटा किती आणि वाट पाहण्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. आठ वर्षे एका स्कूटरसाठी खोळंबणे हा माणसाच्या आयुष्याचा अपमान होता. 1991 नंतर दुकानांतून सामान दिसू लागले, याद्या संपल्या, आणि त्याचे स्वागत वडिलांनीच सर्वांत आधी केले.

पण त्याबरोबर एक गोष्ट उलटली. तेव्हा माणसे वस्तूंची वाट पाहत होती, आता गोदामांत वस्तू माणसांची वाट पाहतात. माल इतका तयार आहे की आपल्या मनात तेवढी इच्छा शिल्लक नाही, आणि कारखाना चालू राहायचा तर ती इच्छाही कुणीतरी तयार करावीच लागते. माझ्या फोनवर ती रात्री साडेदहाच्या सुमारास तयार होते. दिवसभराची कामे झालेली असतात, पाय दुखत असतात, आणि मी काहीही शोधत नसताना एक दिवा समोर येतो. पितळी, कोनाड्यात शोभेल असा. शेवटचे तीन उरले आहेत, असे त्याखाली लाल अक्षरात असते. मला दिवा नको असतो. मला ते कोनाड्यातले शांत घर हवे असते, ज्यात असा दिवा लावणारी बाई दमलेली नसते. मी बोट दाबते आणि दोन दिवस मन हलके असते. बेल वाजते, खोके येते, कात्रीने पट्टी कापताना छातीत लहानशी धडधडही होते. मग दिवा बाहेर येतो, वाटला होता त्यापेक्षा थोडा लहान असतो, आणि घर आधी होते तसेच दिसते.

खोके मात्र दाराशी उरते.

असा विचार करू लागले की मला आईची एक दुपार आठवते. ती ऐंशीच्या घरात होती आणि तिला विमाननगरचा मोठा मॉल एकदा पाहायचा होता. मी आणि माझी मुलगी तिला घेऊन गेलो. सरकत्या जिन्याला ती घाबरली, लिफ्टने गेलो. घरसामानाच्या एका दुकानात टॉवेलांची एक भिंत होती, खालपासून वरपर्यंत घड्या रचलेल्या, पांढऱ्यापासून गर्द निळ्यापर्यंत रंग हळूहळू उतरत गेलेले. आई तिथे थांबली. तिने काठी मुलीच्या हाती दिली आणि उजव्या हाताचा तळवा एका गठ्ठ्यावरून फिरवला, जसा ती आम्हा मुलांच्या डोक्यावरून तेल लावताना फिरवायची. मग दुसऱ्या गठ्ठ्यावरून, मग तिसऱ्या. “सगळे एकसारखे,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “किती गं हे, आणि सगळे एकसारखे!” तिचे डोळे भरले होते. मी विचारले, “घ्यायचे का तुला?” ती चकित झाली. “मला काय करायचेत? दोन आहेत की. नुसते बघूनच पोट भरले माझे.” तिला ते खरोखर पुरले होते. मला मात्र ते पाहवले नाही. तिच्या अकरा वर्षांच्या कपांची भरपाई मी त्या क्षणी करायला निघाले आणि सहा टॉवेल घेतले, गर्द निळे. त्यातला एक तिने वापरला. ती जाऊन चार वर्षे झाली. पाच टॉवेल अजून माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, आणि हात लावला तर ते आजही तितकेच मऊ लागतात.

परत येताना आमची रिक्षा येरवड्याच्या तुरुंगाच्या बाजूने आली होती. तुरुंगाच्या भिंती पाहिल्या की माझ्या मनात 1930 साल येते. त्या वर्षी मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी तिथे कैदेत होते आणि दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमातल्या माणसांना एकेका व्रतावर पत्र लिहीत होते. त्यातले एक पत्र अपरिग्रहावर आहे. श्रीमंतांच्या घरी नको असलेल्या वस्तूंचा साठा पडून वाया जातो आणि लाखो माणसे अन्नावाचून मरतात. प्रत्येकाने गरजेपुरतेच जवळ ठेवले तर कुणालाच काही कमी पडणार नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. गरजा वाढवत नेणे ही संस्कृती नव्हे, त्या समजून-उमजून आणि आपण होऊन कमी करणे ही संस्कृती, असेही ते सांगतात. आणि योगायोग असा की त्याच 1930 साली इंग्लंडमध्ये जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या नातवंडांच्या काळाबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. शंभर वर्षांत, म्हणजे 2030 पर्यंत, पुढारलेल्या देशांतले राहणीमान चौपट ते आठपट होईल आणि माणसाला आठवड्याला पंधरा तास काम केले तरी पुरेल, असा त्याचा अंदाज होता. माणसाला पुरेसे मिळाले की त्याची धाव आपोआप थांबेल आणि पैसा साठवण्याच्या हव्यासाकडे लोक एक आजार म्हणून पाहू लागतील, अशी त्याला आशा होती.

एकजण तुरुंगात बसून पुरे म्हणायला शिका असे सांगत होता आणि दुसरा म्हणत होता की भरपूर झाले की पुरे म्हणणे आपसूक येईल. ते 2030 साल आता हाताच्या अंतरावर आहे. माझी मुलगी हिंजवडीला एका कंपनीत आहे. तिच्या आजोबांच्या कितीतरी पट पगार तिला मिळतो, आणि ती सकाळी साडेआठला निघते ती रात्री साडेआठला वाहनांच्या गर्दीतून पिळून घरी येते. तिच्या खोलीत न उघडलेली खोकी आहेत. “उघडायला वेळच झाला नाही, आई,” असे ती म्हणते तेव्हा मला केन्सच्या त्या पंधरा तासांची आठवण होऊन गलबलून येते. भरपूर तर झाले आहे. पंगतीत पुरे झाले की आपण पानावर आडवा हात धरतो, वाढणारा थांबतो किंवा निदान पुढच्या पानाकडे जातो. इथे हात कोणावर आडवा धरायचा? वाढणारा समोर दिसत नाही, आणि पान म्हणून जे समोर आहे त्याला काठ नाही.

पैसे नसणे हा एक काठ होता, तोही पुसला गेला. गेल्या वर्षी फ्रिज घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या तरुणाने मला किंमत सांगितलीच नाही, महिन्याचा हप्ता सांगितला. “व्याज नाही, काकू, नो कॉस्ट आहे.” मी रोख किती पडेल ते विचारल्यावर त्याने जरा वेळ मोबाइलवर पाहिले आणि काही हजारांनी कमी आकडा सांगितला. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांना बजावले होते. आता ती योजना सवलतीच्या नावाने चालते. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवायची आणि व्याज हप्त्यांतून घ्यायचे. रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट त्यात विरते, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजावरचा 18 टक्के जीएसटी ग्राहकाने वेगळा भरायचा. तो मुलगा फसवा नव्हता. त्याच्या शर्टाची कॉलर झिजलेली होती, महिन्याला किती हप्ते जोडले यावर त्याचे काही अवलंबून असणार, आणि त्याच्या स्वतःच्या हातातला फोनही हप्त्यांवर आहे, असे त्यानेच मला विश्वासाने सांगितले. “हप्ता नसता तर आयुष्यात घेतला नसता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद माझ्या वडिलांच्या स्कूटरच्या आनंदापेक्षा कमी प्रतीचा होता, असे म्हणण्याचा मला काय अधिकार?

माझे मन इथेच दुभंगते. मोहाच्या या व्यवस्थेचा मला राग येतो. ती माझ्या दमलेल्या वेळेवर टपून बसते, माझ्या मुलीचे बारा तास घेते आणि तिला त्या बदल्यात न उघडलेली खोकी देते. आणि तरीही ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पदराआडून दुसऱ्यांचे कप आणले, त्यांना आता कुठे मिळू लागलेल्या एकसारख्या सहा कपांकडे पाहून “हे सगळे व्यर्थ आहे” असे मला म्हणवत नाही. ज्याचे पान भरले आहे त्याने दुसऱ्याच्या पानावर आडवा हात धरू नये, एवढे मला नक्की कळते. माझ्या स्वतःच्या पानावर मी तो धरायला हवा होता. पाच टॉवेल, तीन पितळी दिवे, मिक्सरची कधीच न लागलेली भांडी आणि हळदीकुंकवाला लुटायला म्हणून आणलेल्या, पण लुटायच्या राहून गेलेल्या स्टीलच्या चाळीस वाट्या. त्या वाट्या मोजताना मला सर्वांत वाईट वाटले, कारण त्या द्यायच्याच म्हणून आणल्या होत्या. हौस मी केली, तिथीही आली, आणि दार उघडायचे मात्र राहिले.

शेवटच्या गुरुवारी मी मावशींना सकाळीच सांगितले की सगळे काम झाले की वर या. उद्यापनाला सात जणी लागतात, आमच्या इमारतीतल्या सहा जमल्या होत्या. मावशी दुपारी एकच्या सुमारास आल्या, हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन. मी त्यांना हळदीकुंकू लावले, फळ दिले, पोथीची एक प्रत दिली. मग ते निळे टॉवेल आणि वाट्यांचा एक संच पुढे केला. त्यांनी टॉवेलवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “कोरे आहेत की ओ, ताई.” मी म्हटले, “आईसाठी आणले होते.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण टॉवेल पिशवीत घालताना त्यांनी घडी मोडू दिली नाही. दूध-केळे खाऊन झाल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि एक फोटो समोर धरला. पत्र्याच्या खोलीत, खाटेच्या शेजारी, लालभडक रंगाचा दोन दारांचा फ्रिज उभा होता. दारावर कुंकवाचे स्वस्तिक काढलेले होते आणि वर झेंडूचा हार होता.

“अठरा महिन्यांचे हप्ते आहेत,” त्या म्हणाल्या. “पोरगा म्हणाला घ्यायचाच. पहिल्या दिवशी मी रात्री दोनदा उठून दार उघडून बघितलं. आतला दिवा लागतो का ते.”

मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. फ्रिजमागे भिंतीला लावून एक भला मोठा पुठ्ठा उभा केलेला होता, कोपरे शाबूत, चिकटपट्टी तशीच, बाहेरच्या बाजूला फ्रिजचे चित्र. त्या पुठ्ठ्याचे वजन सहज तीन-चार किलो भरले असते. मी विचारले, “मावशी, हे खोके अजून दिले नाहीत भंगारात?”

त्यांनी फोन परत घेतला, पदराच्या टोकाने त्याची काच पुसली.

“राहू दे म्हटलं, ताई,” त्या म्हणाल्या. “हे आपल्या घरचं आहे.”